दोनशे देशांची बालवाडी

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा मिळते ६० दिवस. त्यातले ४५ दिवस पूर्ण पगारी, १५ अर्ध्या पगारी. भारतात २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्याने २६ आठवडे मिळतात, ती चैन तिथे नाही. आपल्या घरांत बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. अरब घरांतही चाळीस दिवसांची अशीच मुदत पाळतात. ती मुदत संपल्यावर दुबईतल्या नोकरदार आईच्या हाती जेमतेम वीस दिवस उरतात. मग ती लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मेट्रो गाठते. तिथल्या कित्येक नर्सऱ्यांच्या माहितीपत्रकावर ‘प्रवेश ४५ दिवसांपासून’ असं छापलेलं असतं, ते याच हिशेबाने.

पुण्याहून वा सांगलीहून आलेली आजी असली तर दोन-तीन महिने निभावतात. व्हिसा संपला की आजी परत. शेजारच्या फ्लॅटमधली आंटी, गावाकडून आणलेली नणंद, एखादी फिलिपिनो नॅनी, नाहीतर नर्सरी, असे पर्याय उरतात. मराठी जोडप्यांपैकी बहुतेक या चारांपैकी दोन-तीन आलटूनपालटून वापरतात. त्यामुळे दीड वर्षाच्या मुलाच्या दिवसात चार माणसं, तीन भाषा आणि दोन प्रकारचं जेवण सहज येतं.

या देशाची लोकसंख्या आता एक कोटीच्या पुढे गेली आहे आणि त्यात मूळ अमिराती दहात एकाच्या आसपास. भारतीय सर्वांत जास्त, ३५ लाखांच्या वर. सुमारे दोनशे देशांचे लोक इथे राहतात असं सांगितलं जातं. एकट्या दुबईत सव्वादोनशेच्या आसपास खासगी शाळा आणि त्यांत सतरा प्रकारचे अभ्यासक्रम चालतात. नर्सरीच्या एका वर्गात सांगली, कोळिकोड, कराची, कैरो, मनिला आणि मँचेस्टर मांडी घालून शेजारी बसलेले असतात. त्यांना सांभाळणारी बाईही परदेशीच. कधी श्रीलंकेची, कधी फिलिपिन्सची, कधी केरळची, कधी ठाण्याची. या बायकांपैकी अनेकींची स्वतःची लेकरं गावी आजीजवळ असतात. दुसऱ्याच्या मुलाला थोपटून झोपवायचं आणि दुपारच्या सुट्टीत आपल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर बघायचं, हा तिचा रोजचा दिवस.

‘विविध कुटुंबांशी आदराने वागणं’ हा बालशिक्षणाच्या जगातला सध्याचा आवडता विषय आहे. त्यावर प्रशिक्षणं होतात, भिंतीवर तक्ते लागतात. अमिरातीइतकी विविधता जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल, म्हणून तो विषय तिथेच तपासून बघावा असं वाटलं. नर्सऱ्यांत आणि भारतीय शाळांच्या केजी वर्गांत नोकरी करणाऱ्या मराठी बायका तिथे भरपूर आहेत, त्यांच्या बोलण्यातून बरंच कळतं. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते. आदर आणि आदरातिथ्य यांची तिथे फार गल्लत झालेली आहे.

नर्सरी हा तिथे धंदा आहे. यात वाईट काही नाही, पण त्याचे परिणाम असतात. पालक म्हणजे ग्राहक. ग्राहकाचं हसून स्वागत होतं, त्याला रोज ॲपवर फोटो पाठवतात, त्याची तक्रार मॅनेजर तातडीने ऐकतो. प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या घरी मूल कोणाजवळ झोपतं? त्याला भरवतं कोण? रडलं की काय म्हणून गप्प करता? असं विचारलं तर ग्राहक दुखावेल आणि पुढच्या महिन्यात समोरच्या गल्लीतल्या नर्सरीत जाईल, ही भीती. मग विविधतेची हौस भागवली जाते वर्षातून एकदा, ‘इंटरनॅशनल डे’ला. त्या दिवशी मराठी आया पहाटे उठून मुलीला शिवलेली नऊवारी साडी नेसवतात, मुलाला फेटा बांधतात, दोन डझन वडापाव करून नेतात. शेजारी लेबनॉनचं टेबल, पलीकडे केनियाचं. फोटो झकास येतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी डब्यातली पोळी-भाजी चमच्याने खाता येत नाही म्हणून तशीच परत आणते आणि तिच्या वहीत शेरा असतो की ती अजून स्वतंत्रपणे जेवत नाही.

हे भरवण्याचं प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. ब्रिटिश पद्धतीच्या नर्सऱ्यांत इंग्लंडचा बालशिक्षणाचा आराखडा वापरतात. मुलाने स्वतःचं स्वतः खावं, हे तिथलं एक उद्दिष्ट. आपल्याकडे तीन वर्षांच्या मुलाला आई-आजी चिऊचा घास, काऊचा घास करत भरवते, कित्येक अरब घरांतही मोठी माणसं हाताने घास देतात. भरवणं म्हणजे लाड, जवळीक, गोष्ट, भाषा, सगळं एकदम. नर्सरीच्या फॉर्मवर त्या सगळ्याचं एका रिकाम्या चौकटीत ‘नाही’ होतं. पालकसभेत आई खजील होते, घरी येऊन मुलावर चिडते. नर्सरीचं उद्दिष्ट चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. वीस मुलांना दोन बायका भरवू शकत नाहीत, हे उघड आहे. पण उद्दिष्ट एका घराच्या सवयीतून आलेलं असतं, हे आधी कबूल करावं लागतं. चांगली बाई काय करते? पहिले पंधरा दिवस स्वतः दोन घास भरवते, तिसरा मुलाच्या हातात देते, आणि आईला सांगते की पोळीचे तुकडे करून द्या, चमचा नको. मुलाला तुकडा उचलून खाणं आधीच येत असतं. फॉर्ममध्ये फक्त चमच्याची चौकट होती.

दुसरी गोष्ट काळ्या दोऱ्याची. आपल्या बाळाच्या मनगटात काळे मणी, कमरेला करगोटा, गालावर तीट. पाकिस्तानी बाळाच्या गळ्यात तावीज. अरब आणि तुर्की बाळाच्या कपड्याला निळ्या डोळ्याची पिन. दृष्ट लागू नये हा हेतू सगळ्यांचा एकच. नर्सरीचा नियमही एकच: दागिना, पिन, दोरा चालणार नाही, गळ्यात अडकेल, तोंडात जाईल. नियम बरोबरच आहे. प्रश्न तो सांगण्याचा. काही ठिकाणी दारातच कात्रीने कापून आईच्या हातात ठेवतात. बाळाच्या आजीने सांगलीहून मंतरून पाठवलेला दोरा असतो तो, आई दिवसभर ऑफिसात बेचैन. काही ठिकाणी शिक्षिका विचारते, हा काढायचा नसेल तर पायात, मोज्याच्या आत बांधता येईल का? एवढ्याने काम होतं. मोज्याच्या आतला दोरा कोणाच्या गळ्यात अडकत नाही, आणि घरी आजी विचारते तेव्हा आईला खोटं बोलावं लागत नाही.

मला यातून एकच कसोटी सापडते. या कुटुंबामुळे संस्थेने आपल्या वागण्यात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर बाकी सगळं स्वागतकक्षाचं काम.

ही कसोटी मी दुबईत शिकलेली नाही, ती डहाणू तालुक्यातली आहे. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ काढला. बालशिक्षण तेव्हा शहरातल्या शिकलेल्या घरांचं होतं. १९४५च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. पालकांना बोल लावून घरी जाणं सोपं होतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरांसमोरच्या अंगणात मांडली. अंगणवाडी तिथे जन्मली. सरकारी योजनेत ती आली ती बऱ्याच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली तेव्हा.

१९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे अडचण वेगळी. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटा भाऊ आहे आणि आई मजुरीला गेली आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. ताईने भावाला घेऊनच यायचं. भाऊ पाळण्यात, ताई वर्गात. गुरं राखणारी मुलं येत नाहीत? मास्तर साहित्य घेऊन कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती आणि पाड्यावरच्या मुलाला परकीही होती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. दर वेळी घराने अडचण सांगितली आणि बदललं शाळेने. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात या कामाबद्दल लिहून ठेवलं आहे. बालशिक्षण शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात ते असायला हवं. दुबईतल्या नर्सरी मॅनेजरलाही ते इंग्रजीत कोणी वाचून दाखवलं तर पुष्कळ प्रशिक्षणांचे पैसे वाचतील.

जग याच गोष्टीकडे फार उशिरा आलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसान शहरात लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. शिक्षकांना त्यांनी मेक्सिकन कामगारांच्या घरी पाठवलं, ते कुटुंबांना काही शिकवायला नाही, तर घरात काय काय ज्ञान आहे ते शिकायला. बांधकाम, शेती, औषधी वनस्पती, व्यापार. परत आल्यावर शिक्षकांनी त्यावर धडे बांधले. ताराबाई-अनुताई हे चाळीस-पन्नास वर्षं आधी करत होत्या. त्याला त्यांनी सिद्धांताचं नाव दिलं नाही एवढंच.

अमिरातीत घरी जाण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. शारजाच्या अल नाहदात एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं भागीत राहतात, मधे पडदा. शिक्षिका घरी येते म्हटल्यावर तिथली आई घाबरेल. अमिराती घरात परक्याने शिरण्याचे वेगळे संकेत आहेत. नर्सरीच्या विम्याचे आणि परवान्याचेही प्रश्न. त्यामुळे घर आणि बालवाडी यांची भेट होते ती फक्त दारात. सकाळी सात ते आठ, गाडी डबल पार्किंगला, वडील स्टिअरिंगवरच, आई मुलाची बॅग आणि पाण्याची बाटली शिक्षिकेच्या हातात देते. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत जे बोलणं होईल ते.

त्यातही दारात आई-वडील असतीलच असं नाही. अनेक घरांतून नॅनी येते. न्यायला-आणायला अधिकृत व्यक्ती कोण, तिचा एमिरेट्स आयडी काय, याची यादी नर्सरीकडे असते. ओळखपत्राशी तोंड ताडून बघतात आणि मूल तिच्या हाती देतात. पण मूल दुपारी काय खाऊन झोपलं, का रडलं, हे मात्र तिला सांगत नाहीत. ते ॲपवर आईला जातं. आई मीटिंगमध्ये. मुलाबरोबर पुढचे पाच तास राहणार ती नॅनी, आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. त्या मुलाला ताप कधी भरतो, कोणत्या खेळण्याशिवाय झोप येत नाही, हे सगळ्यांत जास्त तिला माहीत असतं. विकासवाडीत कडेवर भाऊ घेतलेल्या ताईला आत घेतलं होतं. इथे नॅनीला दाराबाहेर सावलीत उभं करतात. पालकसभेला नॅनीला बोलवावं का, असं विचारलं की मराठी पालकसुद्धा चमकतात, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या मनातली उतरंड आपण विमानात बरोबर नेलेली असते.

उतरंडीवरून आठवलं. फॉर्मवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारत’ लिहिलं की पुढचं बरंचसं नर्सरी स्वतःच भरून टाकते: घरी हिंदी, जेवण शाकाहारी, सण दिवाळी. कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या आखातात जातात. खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन, मुरूड इथली कितीतरी घरं दुबई-कुवेतवर उभी राहिली. त्यांच्या घरात कोकणी-मराठी बोलली जाते, सकाळी भाकरी आणि सुकटीचं कालवण असतं, मुलाचं नाव फरहान. नर्सरी त्याला उर्दूभाषक पाकिस्तानी मुलांच्या गटात बसवते. आणि आपली मराठी मंडळी? मराठी शाळेसाठी नोंदणीचे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा ते फरहानच्या आईपर्यंत पोचतात का? विविधता मोजायला गेलं की मराठी माणसाच्या यादीतही काही नावं गळालेली दिसतात.

भाषेचा गुंता आता आणखी वाढणार आहे. दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाने, म्हणजे केएचडीएने, २०२५मध्ये लहान मुलांसाठी अरबीचं धोरण जाहीर केलं. चार ते सहा वयाच्या मुलांपासून सुरुवात, आणि शिकवण्याच्या वेळेपैकी निदान तिसरा हिस्सा अरबीत. अबुधाबीत केजीला आठवड्याला २४० मिनिटं अरबी सक्तीची झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना मुलांच्या मातृभाषांची नोंद करा आणि सुरुवातीची वर्षं शक्य तितकी घरच्या भाषेतून शिकवा, असं परिपत्रक पाठवलं. पुण्यातल्या शाळेला ते जमेल. शारजातल्या भारतीय शाळेच्या एका केजी वर्गात मल्याळम, तमिळ, उर्दू, मराठी, गुजराती, तुळू अशी मुलं असतात; शिक्षिका एक, आणि ती बहुधा यातली एखादीच भाषा जाणते. अरबीला माझा विरोध नाही. ज्या देशात मूल वाढतं तिथली भाषा त्याला यायलाच हवी. दुबईत वीस वर्षं काढून ‘शुक्रन’च्या पुढे न गेलेले आपले लोक पाहिले की ही सक्ती योग्यच वाटते.

पण चार वर्षांच्या मुलाला धोरण कळत नाही, तहान कळते. कामाची गोष्ट अगदी छोटी आहे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवायचा आणि त्यावर प्रत्येक मुलाचे पाच-सहा शब्द लिहायचे: पाणी, शू, आई, दुखतंय, झोप, नको. पाण्याचेच किती प्रकार होतात: पाणी, वेल्लम, तण्णी, माय, तुबिग, वतुरा, वोदा. एवढ्या शब्दांवर पहिला महिना निघतो, रडणं निम्म्यावर येतं. शिक्षिकेला सात भाषा शिकाव्या लागत नाहीत. पालकाला मात्र जाणवतं की आपल्या घरचा शब्द इथे चालतो.

भाषेचा अपराध आईच्या माथी मारण्याचाही एक प्रकार आहे. मूल उशिरा बोलू लागलं की कोणीतरी सल्ला देतं, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलात भाषेचा दोष निर्माण होत नाही, हे संशोधनाने पुरेसं स्पष्ट केलं आहे. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला ती एका भाषेतही असते. सल्ला ऐकून आई मोडक्या इंग्रजीत बोलू लागते, आणि मुलाची आजीशी फोनवर होणारी बडबड थांबते. उलट बाजूही तितकीच खरी. शिक्षिकेला काही खटकतं, मूल नावाने हाक मारली तरी बघत नाही, आणि ती भीत भीत बोलते तेव्हा घरून उत्तर येतं, याचा बापही चार वर्षांपर्यंत बोलत नव्हता. कधी बापाचं खरंच तसं असतं. कधी त्यात दोन मोलाची वर्षं जातात. अपंगांसाठी ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’ हा शब्द अमिरातीने २०१७मध्ये स्वीकारला, दुबईने त्याच वर्षी समावेशक शिक्षणाचा आराखडा काढला. कागदावर बरंच झालं आहे. घरच्या माणसाला हे सांगायचं कसं, ते आराखड्यात नसतं. ज्या शिक्षिकेने पहिल्या महिन्यात दारात उभं राहून चार साधे प्रश्न विचारले असतात, तिचंच सहाव्या महिन्यात ऐकलं जातं. आधी फक्त फोटो पाठवणाऱ्या ॲपवरून असा निरोप आला तर आई नर्सरी बदलते.

आदर म्हणजे हो ला हो नव्हे. २०१६चा बालहक्क कायदा तिथे वदीमा कायदा म्हणून ओळखला जातो. छळ होऊन मरण पावलेल्या आठ वर्षांच्या अमिराती मुलीचं ते नाव. मुलावर अत्याचार होत असल्याचं दिसलं तर शिक्षकाने कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘आमच्यात चापट मारतातच’ ही संस्कृती म्हणून खपत नाही, आणि खपू नये. आपल्याकडचे पालक यावर नाक मुरडतात. इथे मी सरळ कायद्याच्या बाजूने आहे.

कुटुंब कशाला म्हणायचं, हेही त्या देशात हळूहळू सरकत आहे. २०१८च्या जुलैत अबुधाबीत केरळच्या एका जोडप्याला मुलगी झाली. बाप हिंदू, आई मुसलमान. तिथल्या नियमांत असा विवाह बसत नसल्याने जन्मदाखला मिळेना. कित्येक महिने त्या बाळाला कागदावर अस्तित्व नव्हतं. सरकारने २०१९ हे सहिष्णुतेचं वर्ष जाहीर केलं होतं, त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये कोर्टाच्या वाटेने दाखला मिळाला. नर्सरीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा धर्म’ विचारणारा रकाना आपल्याला किरकोळ वाटतो. अशा घराला तो वाटत नाही.

रमजानबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे बरंच काही नीट चालतं. खासगी शाळांचे तास पाचावर येतात, लहान मुलं आत बसून डबा खातात, उपाशी शिक्षिका त्यांचे डबे उघडून देते. रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानच्या मध्याला ‘हक अल लैला’ असतो. जरीचे कपडे घातलेली मुलं पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत खाऊ आणि सुकामेवा गोळा करतात. नर्सऱ्यांत हा सण होतो तेव्हा आपली पोरंही पिशव्या घेऊन रांगेत असतात आणि कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. खाऊ मागत फिरणं मुलांना कुठल्याही भाषेत कळतं.

मात्र या सगळ्या रंगीत वर्गात एक मूल कधीच नसतं. अमिरातीत बायको-मुलांना बोलवायचं तर पगार निदान ४,००० दिरहम हवा, किंवा कंपनीने राहायला जागा दिली असेल तर ३,०००. त्याखालचे लाखो लोक एकटे राहतात. दुबईची उंच घरं बांधणारा, टॅक्सी चालवणारा, नर्सरीच्या दारात पहारा करणारा, ही माणसं बहुतेक या रेषेखालची. त्यांची मुलं खेडमध्ये, गोरखपुरात, सिल्हटमध्ये. अमिरातीतली विविध कुटुंबं म्हणताना आपण फक्त व्हिसा मिळालेली घरं मोजतो.

म्हणून रत्नागिरी-रायगडातल्या अंगणवाडीसेविकेचाही या विषयाशी संबंध आहे. तिच्या वर्गात बसलेल्या मुलाचा बाप व्हिडिओ कॉलवरच्या चौकटीत राहतो. घरात आई, आजी, काकू. बाप दोन वर्षांनी महिनाभर येतो, तेव्हा मूल त्याला बघून आजीच्या मागे लपतं. ‘वडिलांना घेऊन या’ असं पालकमेळाव्याच्या निरोपात असतं, आणि त्या घरी दर वेळी तोच निरोप जातो. मेळावा त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवला आणि पाच मिनिटं फोन लावू दिला तर तो माणूस शारजाच्या लेबर कॅम्पमधून मुलाचं चित्र बघू शकेल. बऱ्याच कामगारांची साप्ताहिक सुट्टी पूर्वी शुक्रवारी असे, २०२२पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवारकडे वळल्या, त्यामुळे वार आधी त्याला विचारून ठरवावा लागेल. एवढं विचारायला योजना लागत नाही, जीआर लागत नाही.

दिवाळी झाली की महाराष्ट्रातून आजी-आजोबांची विमानं दुबईकडे निघतात. थंडी संपेपर्यंत लेकाकडे, लेकीकडे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यात असतील. पिशवीत चिवडा-लाडू असतीलच. तिथे गेल्यावर नातवाला नर्सरीत सोडायला एकदा तुम्ही जा. शिक्षिकेला त्याचे पाच शब्द लिहून द्या, इंग्रजी अक्षरांत दिलेत तरी चालेल. घरी नॅनी असेल तर तिला बरोबर न्या आणि शिक्षिकेशी तिची ओळख करून द्या, तिच्या नावाने. आणि मराठी मंडळाच्या यादीत फरहानच्या आईचा नंबर नसेल तर तो मागून घ्या.